झाकणबंद गृहस्थ

पुण्यात कोथरूडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, एक तरी झाकणबंद गृहस्थ राहत असतातच. ओळखायची खूण सोपी. टेबलावर २७ इंची मॉनिटर, पुढ्यात वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस आणि या सगळ्यांचा मालक जो लॅपटॉप, तो कडेला मिटून उभा. आडवा ठेवला की एक तर त्याला गरम होतं, दुसरं म्हणजे आई त्यावर पोह्यांची बशी ठेवते. उभं ठेवायचे स्टँड बाजारात मिळतात, पण किमती पाहून गृहस्थांनी माळ्यावरचं जुनं ताटाळं खाली काढलं. आता त्यात पहिल्या खाचेत ऑफिसचा लॅपटॉप, दुसऱ्या खाचेत स्वतःचा. तिसरी रिकामी आहे आणि बायकोचा त्या खाचेवर डोळा आहे.

लॅपटॉप घेताना याच गृहस्थांनी दुकानदाराला वजनावरून हैराण केलं होतं. दीड किलोच्या वर नको, कुठेही नेता आला पाहिजे! घरी आणला आणि चार वायरी खोचून टेबलाला जखडून टाकला. मग डेस्कटॉपच का नाही घेतला, असं विचारायला जाऊ नये. 'पण हा कुठेही नेता येतो ना!' हे उत्तर तयार असतं. गणपतीला सगळे गावी गेले तेव्हा लॅपटॉप घरीच राहिला, कारण वायरी सोडवल्या तर कुठली कुठे होती ते कोण लक्षात ठेवणार?

ही जमात फोफावली मार्च २०२० नंतर. डायनिंग टेबलावर लॅपटॉपपुढे वाकून वाकून माना धरल्या. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत असावी, हे तेव्हा घरोघरी कळलं. मानेपुरता मी गृहस्थांच्या बाजूने आहे. पण मानेचं दुखणं बरं झालं तरी झाकण काही उघडलं नाही. कारण तोवर त्यांना टापटिपीची चटक लागली होती. मॉनिटरशेजारी लॅपटॉप उघडा ठेवून दोन पडदे वापरणारी माणसं त्यांना बनियनवर दारात आल्यासारखी वाटतात.

झाकण मिटलं की झोपायचं, हा लॅपटॉपचा स्वभाव. झाकणात बारीकसं लोहचुंबक असतं, खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. दोघं जवळ आले की यंत्राला कळतं, दुकान बंद झालं. विंडोजमध्ये यावर तोडगा आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये जायचं, झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे 'डू नथिंग' निवडायचं. हा पर्याय सापडला तेव्हा गृहस्थांनी घरभर घोषणा केली. बायको म्हणाली, "काहीच न करणं तुम्हाला शोधावं लागलं?"

पुढचं प्रकरण वायरीचं. यूएसबी-सीची भोकं दिसायला सारखी, पण चित्र बाहेर पाठवायची सोय प्रत्येकात नसते. वायरींचंही तेच. गृहस्थ वायर घ्यायला तपकीर गल्लीतल्या दुकानात गेले. "याच्यातून पिक्चर येईल ना?" "साहेब, चार्जिंग एकदम फास्ट होईल." "ते झालं हो. पिक्चर?" "घरी लावून बघा, नाही आलं तर या." गृहस्थांच्या कपाटात आता अशा वायरींचा एक डबा आहे. त्यातली एकही टाकून द्यायची नाही आणि एकही लावायची नाही.

सकाळी एक विधी असतो. लॅपटॉप सुरू करायचं बटण झाकणाच्या आत! मग ताटाळ्यातून तो काढायचा, बोटभर फट करायची, आत अंगठा सरकवायचा, बटण दाबायचं आणि पुन्हा मिटायचा. बोटाच्या ठशाने कुलूप उघडायची सोयही आतच, म्हणून ज्यादा पैसे मोजून घेतलेली ती सोय सोडून रोज लांबलचक पासवर्ड टाइप होतो. कॅमेरा तर झाकणातच. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे, यांच्या जागी नावाची दोन अक्षरं. साहेबांनी 'कॅमेरा ऑन करा' म्हटलं की हे म्हणतात, 'सर, नेटवर्क जरा वीक आहे.'

यांच्यात एक अ‍ॅपलवाली शाखाही आहे. तिथे पूर्वापार नियम असा, की झाकण मिटून काम करायचं तर बाहेरचा पडदा, कीबोर्ड, माउस आणि चार्जर, चारही हवेत. २०२० च्या एम-१ मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येई. २०२४ मध्ये एम-३ एअर आला, त्याला दोन जोडता येऊ लागले, पण झाकण मिटलं असेल तरच. ही बातमी आली त्या दिवशी या शाखेतल्या गृहस्थांनी ऑफिसात आंबा बर्फी वाटली. वर्षानुवर्षं ते जे सांगत होते, त्यावर खुद्द कंपनीने शिक्का मारला होता.

खरी परीक्षा गुरुवारी. दुरुस्तीसाठी वीज जाते, मॉनिटर काळा होतो आणि गृहस्थ हताश बसून राहतात. "संपलं! आता तीन तास काम नाही." बायको आतून येते. "अहो, लॅपटॉपला बॅटरी असते ना? झाकण उघडा की!" ते उघडतात. कळा कोऱ्या करकरीत, पडद्यावरचं पातळ प्लास्टिक अजून तसंच आणि बाहेरच्या २७ इंचांवर ऐसपैस पसरलेल्या खिडक्या १४ इंचांत कोंबलेल्या. पाच मिनिटं डोळे बारीक करून पाहतात आणि पुन्हा मिटतात. काम अडलं म्हणून नाही. घरातल्यांदेखत झाकण उघडायची वेळ आली, हे त्यांना सहन होत नाही.

तुमच्या घरात असे गृहस्थ असतील तर त्यांना सुधारायच्या भानगडीत पडू नका. फक्त प्रवासाला निघताना एवढं बघा, की लॅपटॉप बॅगेत भरण्याआधी त्यांनी तो खरोखर शट डाऊन केलाय. 'डू नथिंग'वाला लॅपटॉप झाकण मिटल्यावरही जागा असतो, बॅगेत तापत राहतो आणि दादरला उतरेपर्यंत बॅटरी संपवून मोकळा होतो. चार्जर तर त्या टेबलामागेच राहिलेला असतो.