मॅडम, तुम्ही शिकलेल्या!

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या, बाकी ७०४ साध्या. प्रत्येकीत एक डॉक्टर आणि एक चालक. चालकाला तिथे पायलट म्हणतात. गाडीत व्हेंटिलेटर असो वा नसो, नव्या माणसाला सरळ करण्याची सोय मात्र सगळीकडे मोफत.

गंमत अशी, की कागदावर साहेब असतो तो डॉक्टर. बहुधा नुकत्याच बीएएमएस झालेल्या मॅडम, एप्रनची इस्त्रीही मोडलेली नाही. आणि गुरू म्हणजे पायलटकाका, ज्यांच्या हाताखालून असे कितीतरी साहेब गेलेले. त्यामुळे इथला छळ फार अदबीचा. इतर खात्यांत नव्याला "ए, इकडे ये" म्हणतात. इथे म्हणतात, "मॅडम, आम्ही काय सांगणार? तुम्ही शिकलेल्या." पहिला आठवडाभर मॅडमना हा नम्रपणा वाटतो.

सुरुवातीचे धडे किरकोळ असतात. "आज कॉल नाहीत वाटतं" हे वाक्य गाडीत उच्चारायचं नाही. उच्चारलंच, तर लगेच येणाऱ्या तीन कॉलची जबाबदारी आणि चहाचं बिल उच्चारणाऱ्याचं.

खरा वर्ग भरतो पहाटे, हायवेवर. दुचाकीवरचा पोरगा ट्रकखालून वाचलाय, पण धाप लागलीय आणि बोटावरचं यंत्र ऑक्सिजन ८२ दाखवतंय. मॅडम मास्क लावतात, सिलिंडरकडे वळतात, वरचा खिळा फिरवू पाहतात. ढिम्म हलत नाही. बोटं सोलतात. मोठ्या सिलिंडरला चावी लागते, आणि ही चावी चरकसंहितेतही नाही, विद्यापीठाच्या पेपरातही नाही. गाडी ऐंशीने चाललीय. काका आरशातून सगळं बघताहेत. बरंच बघून झाल्यावर पुढून आवाज येतो, "सीटमागं बघा. दोरीला बांधलीय."

"काका, शिफ्ट सुरू होतानाच सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं नाहीत. आता मात्र जन्मात विसरणार नाही."

अगदी खरं. मॅडम विसरणार नाहीत. शिकवणीची फी तेवढी स्ट्रेचरवरच्या पोराने भरली.

काकांना दुष्ट म्हणू नये. त्यांनाही कुणी चावी दाखवली नव्हती. सासूने भोगलं म्हणून सुनेने भोगायचं, या न्यायावर आपली कितीतरी घरं चालली. मग एक रुग्णवाहिका का चालू नये?

शिवाय काकांकडचं ज्ञान बावनकशी आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायची, हे मॅडमनी प्लास्टिकच्या बाहुलीवर पाठ केलंय. कसारा घाटाच्या वळणावर बाहुली नसते, आणि उभं राहायला जमीनही नसते. गुडघा कुठे रोवायचा, दांडी कुठल्या हाताने धरायची, "काका, हळू" कधी ओरडायचं, हे काकांनाच ठाऊक. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत रुग्ण उतरवला की आपलं स्ट्रेचर तिथेच अडकतं, कारण आत खाट रिकामी नसते. स्ट्रेचर अडकलं की गाडी अडकली आणि पुढचा कॉलही. अशा वेळी कुठल्या वॉर्डबॉय मामांशी गोड बोलायचं आणि कुठल्या सिस्टरसमोर तोंड उघडायचं नाही, यावर काका ग्रंथ लिहू शकतील. लिहीत नाहीत. टोमण्यांतून, थोडं थोडं, हप्त्याने देतात.

मॅडमच्या हातून पहिला रुग्ण गेला त्या रात्री काकांनी एकट्याने गाडी धुतली आणि न विचारता वडापाव आणून ठेवला. ही बाब बाहेर फुटली असती तर तालुक्यात अब्रू गेली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी टोमणे दुप्पट.

सहा महिन्यांनी मॅडमनी एक घोर अपराध केला. सिलिंडरवर चिकटपट्टी लावून मार्करने ठळक लिहिलं: "चावी सीटमागे." खाली बाणही काढला.

काकांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कळवळून म्हणाले, "असं लिहून ठेवलंत, तर नवीन पोरं शिकणार कशी?"