दोन वर्षांत वसूल

अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये फेब्रुवारी सरत आला, रात्री कडकडीत गोठू लागल्या आणि दुपारी बर्फ पाघळू लागलं, की अंगणातल्या मेपलच्या बुंध्यांना बादल्या लटकवणारा हा गृहस्थ दर चार घरांआड भेटतो. त्याला काहीही विचारावं. मेपलचा पाक बाटलीत कशानं भरता, एवढं मात्र विचारू नये. झाडातून रस कसा काढतात हे तो दोन वाक्यांत उरकतो. आटवण्याचं पाच-सहा वाक्यांत सांगतो. भरण्याचा विषय निघाला की खुर्ची पुढे ओढतो. दुहेरी भिंतीची स्टीलची टाकी, तिच्या आतल्या भिंतीभोवती गरम पाणी, खाली पितळी नव्हे तर स्टीलचीच तोटी, तोटीला न ठिबकणारं तोंड, असं सगळं वर्णन होतं. शेवटी किंमत येते, आणि ती ऐकून तुमच्या भुवया वर जाण्याआधीच तो म्हणतो, ‘दोन वर्षांत वसूल होते.’

हे ‘वसूल’ प्रकरण जरा तपासून पाहावं असं आहे. मेपलच्या रसात साखर असते दोनेक टक्के. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती लागतो. एका भोकाखालच्या बादलीत हंगामभरात जमतो तोही एवढाच रस. म्हणजे पंचवीस बादल्या लावणाऱ्याला वर्षाकाठी पंचवीस लिटर पाक, तोही थंडीनं दगा दिला नाही तर. आता खर्चाची बाजू. लाकूड धरायचं नाही, कारण ते ‘पडलेलंच होतं’. मजुरी धरायची नाही, कारण रात्री दोनपर्यंत धुरात उभं राहणं ही मजा आहे. बाटल्याही धरायच्या नाहीत, त्या ‘कशाही लागल्याच असत्या’. इतकी सूट दिल्यावर जमेची बाजू पाहावी, तर तिथे पूर्ण शून्य, कारण हा माणूस आयुष्यात एक बाटली विकत नाही. सगळी वाटतो. शून्य उत्पन्नातून शेकडो डॉलरची टाकी दोन वर्षांत कशी वसूल होते, हे गणित त्याच्या बायकोनं विचारणं कधीच सोडून दिलेलं असतं.

यावरून कुणी म्हणेल, हा सरळ यंत्रवेडा आहे. गरम पाक पातेल्यातून नरसाळ्यानं बाटलीत ओतायला टाकी कशाला हवी? हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. मेपलचा पाक भरायची वेळ घड्याळावर ठरत नाही, अंशांवर ठरते. पाणी उकळतं त्याच्या चारेक अंश सेल्सिअस वर पाक तयार होतो, आणि पाण्याचा उकळबिंदू हवेच्या दाबानुसार थोडा हलतो. म्हणून त्या सकाळी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर तपासावा लागतो. व्हर्माँटच्या नियमानं विक्रीच्या पाकाची घनता किमान ६६.९ ब्रिक्स (म्हणजे शेकडा तेवढी साखर) हवी. कमी पडली तर पाक आंबतो, फार वर गेली तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात. (विकायचंच नाही तर नियम कशाला, हे त्याला विचारून पाहा.) त्यानंतर गाळायचं, आणि ८२ ते ८५ अंशांच्या पट्ट्यात असतानाच बाटलीत भरायचं. त्याखाली उतरला तर पुढे बुरशीची भीती. नव्वदीकडे सरकला तर गाळून काढलेली ‘साखरेची वाळू’ पुन्हा तयार होऊन बसते. ही वाळू म्हणजे साखर नव्हे, रसातल्या कॅल्शियमचा क्षार. पोटाला अपाय नाही, पण पाक गढूळ दिसतो, आणि गढूळ बाटली पाहुण्याच्या हाती देणं म्हणजे याच्या लेखी चारचौघांत नाक कापून घेणं. पातेलं शेगडीवर ठेवलं तर तापतं, उतरवलं तर निवतं, आणि सहाव्या बाटलीपर्यंत पट्टा हुकलेला असतो. तेव्हा पाक बराच वेळ एकाच तापमानावर धरून ठेवणारं भांडं लागतं, हे त्याचं म्हणणं खरंच आहे.

पण असं भांडं बाजारात स्वस्तात मिळतं, आणि खरी मेख तिथे आहे. चर्चच्या जेवणावळीत कॉफीसाठी ठेवतात ते तोटी असलेलं विजेचं पिंप घ्यावं, त्यातली जाळी आणि नळी काढून टाकावी, की अंगणातल्या पाकासाठी छान सोय होते. तापमानही बरंचसं जिथे हवं तिथेच राहतं. पाक तळाला गेल्यावर करपू शकतो एवढं सांभाळायचं, आणि पिंप नवं घ्यायचं, नाहीतर सगळ्या गावाला कॉफीच्या वासाचा पाक खावा लागतो. वर्षाला पंचवीस लिटरवाल्याला याहून जास्त काही लागत नाही, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं. त्यानं स्वतः पहिली तीन-चार वर्षं अशाच पिंपातून भरलेलं असतं. मग त्या पिंपाची तोटी ठिबकते असा शोध लागतो. ठिबकणाऱ्या तोटीतून वर्षाला किती पाक वाया जातो याचा हिशोब होतो, त्याला अजून न जन्मलेल्या नातवंडांच्या वर्षांनी गुणलं जातं, आणि टाकी वसूल.

टाकीच्या मागोमाग बाकीचा लवाजमा येतो. जाड फेल्टची शंकूसारखी गाळणी येते, आणि तिला साबण लावायचा नाही, पिळायची नाही, कारण साबणाचा वास फेल्ट सोडत नाही. घरातल्या कुणी चुकून ती कपड्यांच्या मशीनमध्ये टाकली तर त्या घरात दोन दिवस शांतता असते. घनता मोजणारा हायड्रोमीटर येतो, काचेचा म्हणून त्याच्या जोडीला दुसरा येतो. काचेच्या बाटल्या भरण्याआधी ओव्हनमध्ये गरम करायच्या, भरून झाकण लावलं की मिनिट-दोन मिनिटं आडव्या ठेवायच्या म्हणजे गरम पाकानं झाकणही निर्जंतुक होतं, आणि मग लगेच खोक्यात रचायच्या नाहीत, दूर दूर निवू द्यायच्या, नाहीतर आपल्याच उष्णतेनं पाक काळवंडतो. हे सगळं तो बिनचूक करतो. दुसऱ्यांचा ढिसाळपणा मात्र त्याला खपत नाही. जगातला बहुतेक मेपल पाक कॅनडातल्या क्वेबेकमधून येतो आणि तिथल्या राखीव साठ्यातून २०११-१२ मध्ये सुमारे तीन हजार टन पाक चोरीला गेला. चोरांनी काही पिंपं पाण्यानं भरून ठेवली होती, आणि २०१२ च्या तपासणीत एक रिकामं पिंप पायाखाली डगमगल्यावर प्रकरण उघडकीला आलं. या हकिकतीत त्याला राग येतो तो चोरीचा नाही. इतके दिवस कुणी हायड्रोमीटर बुडवला कसा नाही, याचा.

इथवर त्याची टिंगल करणं सोपं होतं. पण एक प्रश्न उरतो: हिशोब खोटा आहे हे माहीत असताना तो मांडायचा कशाला? माझं उत्तर असं, की देण्यासाठी त्याला कारण लागतं. आपल्याकडे गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय आणि कुठल्यातरी जुन्या बाटलीत काकवी भरून दिल्याशिवाय पाठवत नाहीत. देणाऱ्याला त्याचं काही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. व्हर्माँटचा हा काटकसरी, अबोल माणूस शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘तुझ्यासाठी तीन रात्री जागलो’ असं म्हणणार नाही. ‘यंत्र नवं घेतलं, पाक जास्त झाला, घे’ असं म्हणेल. टाकी त्याला हे वाक्य पुरवते. कुणी म्हणेल, ही मनाची समजूत झाली, छंदाला उगीच उदात्त करणं झालं. असेल. पण निव्वळ छंद असता तर टाकी पाहून त्याचं समाधान झालं असतं. हा तर भरलेल्या बाटल्या एप्रिल संपायच्या आत घराबाहेर काढतो, आणि स्वतःच्या घरी पॅनकेकवर गाळणीच्या तळाशी उरलेलं घेतो. शिवाय ज्या झाडांवर हा सगळा डोलारा उभा आहे, ती त्यानं लावलेली नाहीत. मेपल भोक पाडण्याजोगा जाड व्हायला चाळीसेक वर्षं लागतात. कुणीतरी लावला, सावली घेतली आणि गेला. त्याचं काय वसूल झालं, हे या हिशोबाच्या वहीत कुठेच नाही.

दुःख वेगळंच आहे. लोक बाटली उघडत नाहीत. मेपलच्या पानाच्या आकाराची काचेची बाटली, आत उन्हात मधासारखा चमकणारा पाक. इतकी सुंदर वस्तू फोडायची कशी म्हणून ती खिडकीत शोभेला राहते आणि घरातली पोरं दुकानातलं मक्याचं, मेपलचा नुसता वास असलेलं सिरप ओतून घेतात. हा पुढच्या मार्चमध्ये नवी बाटली घेऊन जातो, तेव्हा जुनी तिथेच उभी असते, सीलसकट. तो काही बोलत नाही. घरी येऊन विचार करतो आणि निष्कर्षाला येतो की चूक बाटलीच्या आकाराची आहे: ५० मिलीच्या चिमुकल्या बाटल्या दिल्या, तर एका न्याहारीत संपतील. मात्र टाकीच्या तोटीचं तोंड त्या बाटलीच्या गळ्यात बसत नाही, अर्धा पाक ओट्यावर जातो. बारीक तोंडाची तोटी वेगळी मिळते, स्टीलचीच. किंमत विचारू नका. सांडणारा पाक वाचेल तो धरला, तर ही दीडच वर्षात.