‘लेक टच’ विकणाऱ्यास खुले पत्र

पवनेच्या काठावर गुंठ्यांची दुकानदारी मांडणारे साहेब,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट विषयावर येतो.

मे महिन्यात पवना धरणाचं पाणी खाली गेलं, की उघड्या पडलेल्या गाळावर तुमची पोरं फक्की मारतात. चार कोपऱ्यांना चार खुंट्या, मध्ये नंबराची पाटी. मागे तिकोना किल्ला दिसेल असा फोटो काढायचा आणि ‘लेक टच प्लॉट’ म्हणून शहरातल्या माणसाला पाठवायचा. ऑगस्टात धरण भरतं तेव्हा पाटीसकट प्लॉट बुडतो. धरणासाठी सरकारने केव्हाच संपादित केलेली जमीन ती. तुम्ही चक्क धरणाचं बूड विकलंत!

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त कामगार आमच्या ओट्यावर येऊन बसले. ग्रॅच्युइटीचे पैसे तुमच्या हाती देऊन बसलेले. पिशवीतून त्यांनी कागद काढला: नोटरीपुढे केलेलं साठेखत. खरेदीखत नाही, फेरफार नाही. सोबतच्या सातबारावर भावकीतली पंधरा-वीस नावं, आणि सही एकाचीच. साहेब, कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. शेतीचा पाच गुंठ्यांचा तुकडा 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अडकतो, हेही ठाऊक होतं. 500 चौरस मीटरच्या वरचं प्लॉटिंग महारेराकडे नोंदवल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. तुमच्या फलकावर नोंदणी क्रमांकाच्या जागी पोहण्याचा तलाव रंगवलाय. धरणाच्या काठावर पोहण्याचा तलाव!

त्या गृहस्थांना जागेवर नेलं. नुसतं पाणी दिसत होतं. “यात माझं कुठलं?” असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

आणि ज्याला तुम्ही ‘लेक’ म्हणता, त्याच्याखाली आमची भाताची खाचरं आहेत. हे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवतंय. 1,203 बाधितांपैकी 863 जणांना मात्र पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षे तालुका आणि जिल्हा कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आमची माणसं उतरली, गोळीबारात तिघं गेली. त्या गावांमध्ये येऊन तुम्ही भावाभावांना गाठता, एकाला इसार देता, दुसऱ्याला कोर्टात धाडता. काठाला तारेचं कुंपण घालून गुरांची पाण्याची वाट अडवता. शनिवारी रात्रभर पर्यटकांच्या तंबूंपुढे स्पीकर लावता आणि सकाळी बाटल्या आमच्या बांधावर टाकता.

शहरातल्या माणसाने इथे घर करू नये, असं आमचं म्हणणं नाही. रीतसर एनए केलेल्या जमिनीवर, मोजणी करून, सगळ्या वारसांच्या सह्या घेऊन, शोध अहवाल पाहून खुशाल यावं. शेजारी म्हणून आम्ही त्यांना नवा इंद्रायणी तांदूळ खाऊ घालू. तुमच्यामुळे मात्र येणारा प्रत्येक जण आमच्याकडे चोर म्हणून बघतो आणि आम्ही त्याच्याकडे.

तेव्हा त्या गृहस्थांचे पैसे व्याजासकट परत करा. गुरांच्या वाटेवरची तार काढा. आणि पवनानगरच्या रस्त्यावरचा फलक तुम्हीच उतरवा. नाहीतर ग्रामसभेत ठराव घेऊन, पंचनामा करून आम्ही उतरवू.

पवन मावळातला एक धरणग्रस्त