पदनाम : सोयाबीन सोंगणारा

नोकरीच्या अर्जात पूर्वानुभवाचा एक तक्ता असतो : संस्थेचे नाव, पदनाम, कालावधी, वेतन, नोकरी सोडण्याचे कारण. तो ज्याने आखला, त्याच्या डोळ्यांपुढे पंख्याखाली बसून एक तारखेला पगार मोजणारा माणूस असणार. मोताळ्याचा खचितच नव्हता. इथला तरणा पोरगा आश्विनात सोयाबीन सोंगतो, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचतो, मग मलकापूरच्या जिनिंगमध्ये गाठी उचलतो, लग्नसराईत मंडपवाल्याकडे जातो आणि मधल्या रिकाम्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात बसून दुसऱ्यांचे अर्ज भरून देतो. एवढा अनुभव एखाद्या उपसचिवालाही नसेल. पण पदनामाचा रकाना दोन बोटं रुंद, आणि संस्थेच्या नावाखाली ‘पाटलाचं वावर’ लिहायची सोय नाही. मग पोरगा एक तर ‘निरंक’ लिहितो, नाहीतर हमालीचं ‘मटेरियल हँडलिंग असिस्टंट’ करतो.

यावर सज्जन माणसं कपाळाला आठ्या घालतात. पण ही विद्या त्याला शिकवली कुणी? खुद्द सरकारनं. 2000 सालापासून महाराष्ट्रात शाळेत नव्याने लागलेला मास्तर पहिली तीन वर्षं शिक्षक नसतोच, ‘शिक्षणसेवक’ असतो. फळा तोच, पोरं तीच, फक्त पगाराऐवजी मानधन. अंगणवाडीतली बाई सेविका, आशाताई तर स्वयंसेविका. 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत कचेरीतली कामं करणारा बारावी पास मुलगा कर्मचारी नव्हे, प्रशिक्षणार्थी. महिन्याला 6,000 रुपये विद्यावेतन. त्याच वर्षी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. सातबारा होता तसाच राहिला. पैसे कमी द्यायचे असले की हुद्द्यात सेवा शिरते आणि माणूस खूश ठेवायचा असला की अधिकारी, एवढं या राज्यात पाचवीच्या पोरालाही कळतं.

म्हणून खोटं लिहावं काय? नाही. न केलेलं काम केलं म्हणणं ही लबाडी, त्यात वाद नाही. केलेल्या कामाला टोपी घालणं ही निराळी गोष्ट, तरी माझा तिलाही विरोध आहे, आणि तो नीतीपेक्षा नुकसानीचा आहे. टोपीखाली डोकं दिसत नाही. सरकारी खरेदीत कापसातला ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या हिशेबात मोजायला यंत्र लागतं. चार हंगाम वेचणी केलेल्याला मूठ दाबली की अंदाज येतो. ‘असिस्टंट’ या शब्दात ती मूठ कुठे मावते? आणि हमाल म्हणवून घेण्यात कमीपणा कसला? 1969 साली याच राज्याने कायद्याच्या नावातच माथाडी आणि हमाल हे शब्द खुशाल छापले.

यावर मालकाचं म्हणणं तयार असतं : हजार अर्ज आले तर प्रत्येकाची कहाणी कोण वाचणार, ठरावीक नावं लागतातच. 2011 च्या जनगणनेनंही सगळ्या देशाची कामं शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर अशा चारच कप्प्यांत कोंबली. वर्षातले सहा महिनेही काम न मिळालेला तिच्या लेखी ‘सीमांत’. पण जनगणनेला माणूस मोजायचा असतो, कामावर ठेवायचा नसतो. ज्याला ठेवायचा आहे त्याने पदनामाचा रकाना खोडून ‘काय काम करत होता?’ एवढं विचारावं आणि चार ओळी मोकळ्या सोडाव्यात. ‘गाठी ट्रकमध्ये रचल्या, वजनं वहीत उतरवली’ हे वाचून जे कळतं, ते कुठल्याही हुद्द्यातून कळणार नाही. ज्याला चार ओळी वाचायचाही कंटाळा, तो पुढे त्या माणसाला काम काय सांगणार?

राहिला शेवटचा रकाना, नोकरी सोडण्याचे कारण. पुण्या-मुंबईचे उमेदवार तिथे ‘अधिक चांगल्या संधीच्या शोधात’ असं लिहितात, म्हणजे साहेबाशी पटलं नाही. मोताळ्याच्या अर्जदाराने बिनदिक्कत ‘कापूस संपला’ असं लिहावं. वर पुढच्या हंगामात त्याच मालकाने पुन्हा बोलावलं होतं, हेही जोडावं. साहेबाशी न पटलेल्यांपैकी किती जणांना हे लिहिता येईल, ते मुलाखत घेणाऱ्याने विचारून पाहावं.