डबलभाऊ

गोंदियातल्या राईस मिलच्या ऑफिसात पाय ठेवला की समोरचा माणूस धानाचा भाव तरी सांगतो, नाहीतर चहा तरी मागवतो. डबलभाऊ विचारतो, "चिल्लर आहे का?" तुम्ही खिसा त्याच्या टेबलावर रिकामा करता. तो चष्मा कपाळावर चढवून एकेक नाणं उलटंपालटं करतो, त्यातलं एक उचलतो, त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं चकचकीत नाणं ठेवतो आणि म्हणतो, "हे आहे माझ्याकडे. पण असू द्या, डबल होईल."

आईबापांनी ठेवलेलं नाव मिलच्या हजेरीपटावर आहे, पण गावाने त्याला डबलभाऊच केलं. हा प्राणी फक्त गोंदियात सापडतो असं नाही. आमगावला तो मास्तर असतो, तिरोड्याला औषधाच्या दुकानात बसतो, सडक अर्जुनीला ग्रामसेवक असतो. छंद लागून दोन-तीन वर्षं झालेली असतात. घरी एक अल्बम असतो, त्यात खिडक्याखिडक्यांतून नाणी बसवलेली असतात, आणि अल्बमपेक्षा तिप्पट वजनाचा एक स्टीलचा डबा असतो. अल्बम म्हणजे संग्रह, डबा म्हणजे भांडवल. निदान डबलभाऊ तरी असंच सांगतो. "डबलची विक्री करायची आणि आलेल्या पैशातून दुर्मिळ नाणी घ्यायची." योजना निर्दोष आहे. तिची फक्त सुरुवात व्हायची आहे.

डबा भरतो कसा, हे पाहण्यासारखं. देवघरातल्या ताटलीतली नाणी पहिल्याच महिन्यात गेली. मग सासूबाईंची पत्र्याची पेटी. मग किराणावाल्याचा गल्ला. तिरोडा सोडून तुमसरकडे जाणारी गाडी वैनगंगेच्या पुलावर आली की लोक हात जोडून पाण्यात नाणं टाकतात, तेव्हा डबलभाऊ शेजाऱ्याचा हात धरतो, "एक मिनिट, कोणत्या सालाचं आहे?" गंगामाईला द्यायचं नाणं तो बदलून देतो. पुण्य त्या माणसाच्या खात्यावर, नाणं याच्या. मिलचा मुनीम असल्याने दोन्ही बाजूंची नोंद बरोबर जुळते.

आता डब्यात काय आहे ते सांगितलं पाहिजे, कारण एकदा तरी ते त्याच्याकडून ऐकल्याशिवाय सुटका नाही. चौकोनी पाच पैसे, शेंगदाण्याच्या पुडीएवढे. ॲल्युमिनियमचा एक पैसा, इतका हलका की मोजताना पंखा बंद करावा लागतो. सहा कोपऱ्यांचे तीन पैसे, जे १९६४ मध्ये आले आणि नेमके कशासाठी आले होते हे आजोबांनाही सांगता येत नाही. १९६८ पासून तीन-चार वर्षं निघालेले पितळी वीस पैसे, ज्यांच्यावर कमळ आहे आणि ज्यांत सोनं आहे अशी त्या काळी अफवा होती. सोनं नव्हतं, तरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते अजूनही बसतात. स्टीलचा गेंडा, म्हणजे १९८८ पासूनचे पंचवीस पैसे, मूठभर. आणि १९७४ चे दहा पैसे. त्या नाण्यावर लाल त्रिकोणाची खूण, आईबाप आणि दोनच मुलं आहेत, आणि 'नियोजित परिवार, सबके लिए अन्न' असा संदेश आहे. कुटुंबनियोजनाची ही नाणी डबलभाऊकडे अकरा आहेत.

यातल्या बहुतेकांना सरकारनेही निवृत्त केलं आहे. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे मात्र कायद्याने अजून चालतात. ते फक्त कायद्यातच चालतात. गोंदियाच्या बाजारात भाजीवालीला पन्नास पैसे देऊन पाहा, ती कोथिंबिरीची जुडी परत घेईल. दहाच्या नाण्याचीही मधे तीच गत होती. दहा रुपयांची खोटी नाणी आली म्हणून दुकानदार ती घेईनात, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की बाजारात असलेल्या चौदाही नमुन्यांची नाणी खरीच आहेत. लोकांना हायसं वाटलं. डबलभाऊला वाईट वाटलं: चौदांपैकी त्याच्याकडे नऊच होते.

किमतीच्या बाबतीत त्याचं धोरण साधं आहे. नाणं घेताना ती चिल्लर असते, विकताना तो वारसा असतो, आणि बायकोने विचारलं तर ते "काहीच नाही, ते आपलं असंच" असतं. मोबाइलवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असा निरोप येतो तेव्हा त्याचा श्वास जरा जोरात चालतो. ही २०१२ ची नाणी त्याच्याकडे दोन-तीन आहेतच. एकदा फोनही आला होता: नाणं पाठवू नका, आधी नोंदणी शुल्क पाठवा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं, की आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली शुल्क, कमिशन आणि कर मागणाऱ्यांपासून दूर राहा. डबलभाऊ वाचला तो या सूचनेमुळे नाही. लाख रुपये मिळाले तरी ते नाणं द्यायचं का, यावर तो दोन दिवस विचार करत बसला, तोवर समोरच्याने नाद सोडला.

खेड्यातून लोक त्याच्याकडे राम दरबाराचं नाणं घेऊन येतात. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. शेत विकून आलेल्या माणसाच्या आवाजात ते विचारतात, "किती येतील जी याचे?" कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही, ही पुढच्या काळात बनवलेली शोभेची चकती आहे, हे सांगणं डबलभाऊच्या जिवावर येतं. तो सांगतो, मग त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून चहा मागवतो, आणि शेवटी ती चकती वीस रुपयांना स्वतःच घेतो. अशाही चार आहेत. बांधी नांगरताना हंडा लागेल अशी आशा करणाऱ्यांना मात्र तो कडक आवाजात १८७८ चा कायदा सांगतो: दहा रुपयांच्या वरचं सापडलेलं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. ब्रिटिशांनी ठरवलेली दहा रुपयांची ही मर्यादा ऐकून हंड्यावाल्याचा निम्मा उत्साह जातो.

विदर्भ एक्स्प्रेसने त्र्यंबकेश्वरचं दर्शन घ्यायला म्हणून तो बायकामुलांना नाशिकला घेऊन गेला होता. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे, हे त्याने तिकिटं काढताना कोणाला सांगितलं नाही. तिथे सातवाहनांपासूनची रांग पाहून तो हरखला. पिशवीतला डबा मात्र त्याने बाहेर काढला नाही. बायकोने कोपराने ढोसलं, "दाखवा ना तुमचे." तो म्हणाला, "यांच्याकडे असतील."

विक्रीचा खरा प्रसंग दिवाळीनंतरच्या मंडईत आला. आपल्याकडे भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात: दंडार, जिलेबी, पाळणे, रात्रीचं झाडीपट्टीचं नाटक. एका मंडईत बांगड्यांच्या आणि प्लास्टिकच्या बाहुल्यांच्या दुकानांमधे डबलभाऊने चादर पसरली. पहिल्या तासात एका आजीबाईने भोकाचा पैसा उचलला. १९४३ ते १९४७ मधला ब्राँझचा, युद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडलेला. "आमच्या थोरल्याच्या करदोड्यात होता गं बाई असा," ती सुनेला म्हणाली आणि किंमत विचारली. डबलभाऊ साठ म्हणाला. आजी म्हणाली, "एका पैशाचे साठ रुपये? भोकाचे पण पैसे लावून राहिला का?" असे त्याच्याकडे तीन होते. त्याने एक तिला फुकट दिला आणि उरलेले दोन ताबडतोब खिशात टाकले. आता ते दुर्मिळ झाले होते.

मग आठवीतला एक मुलगा आला. हा मुलगा म्हणजे पुढच्या पिढीतला डबलभाऊ, पण धार लावलेला. त्याच्या पाकिटात प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि गळ्यात भिंग. अदलाबदलीचा नियम असा, की दोघांनाही आपण समोरच्याला फसवलं असं वाटलं की सौदा झाला. मुलाने नेहरूंचे १९६४ चे पन्नास पैसे पुढे केले, हिंदी अक्षरांचे. डबलभाऊकडे इंग्रजी अक्षरांचे होते. घोडं गंगेत न्हालं. बदल्यात मुलाने मूठभर गेंड्यांतून एक निवडला, भिंगातून पाहिला, ठेवला, दुसरा पाहिला, तिसरा घेतला.

"सगळे सारखेच आहेत, बाबू," डबलभाऊ म्हणाला.

"हो काका," मुलगा म्हणाला, आणि गेला.

डबलभाऊला ते "हो काका" रात्रभर टोचलं. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये हिशेबाचं भिंग घेऊन तो गेंड्यांकडे बसला आणि तेव्हा त्याला सालाच्या खालची टाकसाळीची खूण दिसली. काहींवर बारीक चौकट: मुंबई. काहींवर चांदणी: हैदराबाद. काहींवर गोल ठिपका: नोएडा. काहींवर काहीच नाही, म्हणजे कोलकाता; ती टाकसाळ खूण करत नाही. डबा उपडा झाला. एकाच सालाचे चार गेंडे चार वेगळे निघाले. मग साल वेगळं, मग खूण वेगळी, असं करत संध्याकाळपर्यंत डब्यातलं बहुतेक भांडवल अल्बमात गेलं आणि अल्बमाच्या खिडक्या संपल्या. दुर्मिळ नाणी घेण्यासाठी विकायचा माल सगळा दुर्मिळ ठरला होता. नवीन यादी केली, तेव्हा कमी पडणारी नाणी दोनशेच्या वर गेली. उरली ती कुटुंबनियोजनाची मंडळी. त्यांच्या खुणा अजून तपासून व्हायच्या होत्या.

आणि मुलाने नेलेला गेंडा? त्या सालाच्या रांगेत नोएडाच्या ठिपक्याची तेवढी एकच खिडकी आता रिकामी होती.

रविवारी डबलभाऊ बसने त्या मुलाच्या गावी गेला. अंगणात धान वाळत होतं. मुलाने त्याला पाहून खुर्ची आणली, पाणी दिलं.

"बाबू, तो गेंडा आहे ना अजून?"

"आहे ना काका. पण सिंगल आहे."

"मी तुला वीस पैशाचं कमळ देतो."

"कमळ आहे माझ्याकडे, तीन." मुलाने जरा विचार केला. "पन्नास रुपये द्या."

"पंचवीस पैशाचे पन्नास?"

"तुम्ही आजीला भोकाचे साठ सांगून राहिले होते."

डबलभाऊने पन्नासची नोट काढली. देताना त्याने सवयीने तिचा नंबर पाहिला, मागेपुढे केली, आणि मग दुसरी नोट काढून दिली.

घरखर्चाच्या वहीत त्या रविवारी 'किराणा, ५० रुपये' अशी नोंद आहे. वही बायकोने गुरुवारी उघडली. तेव्हापासून ती विचारते आहे की एवढ्या पैशांत काय आणलं होतं, आणि डबलभाऊ म्हणतो, "काहीच नाही, ते आपलं असंच."