सोवळ्यातली मनी

धारवाडात मांजर पाळायचं तर एक भीती आधीच सोडावी. लाइन बाजारातून आणलेल्या पेढ्याला त्याच्यापासून धोका नाही. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. त्यामागचं निकामी जनुकही सापडलं आहे. पुडा हलका झालाच, तर संशयित दोन पायांचा.

खरी पंचाईत मालमड्डीच्या सोवळ्या स्वयंपाकघरात. मनीला दहीभातावर वाढवायचा बेत असतो. पण मांजर पक्कं मांसाहारी. मांसातलं टॉरिन मिळालं नाही, तर डोळे जातात, हृदय खचतं. मग सीलबंद पाकीट येतं, मागच्या दारी कापलं जातं, आणि त्यावरचं ‘ट्यूना’ सासूबाईंना कोणी वाचून दाखवत नाही.

भाडेकरूंचं दुखणं वेगळं. घरातलं मांजर सहज 12 ते 15 वर्षं जगतं; करार 11 महिन्यांचा. घरमालकाला विचारणार कोण?