अस्सलबरहुकूम

जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार करणाऱ्या गृहस्थांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील मनुष्य गाडी विकत घेतो, तिचा गंज खरवडतो, तिला नवा रंग देतो आणि रविवारी सकाळी पत्नीला शेजारी बसवून फिरावयास निघतो. हा वर्ग सुखी असल्यामुळे व्यक्तिचित्रास निरुपयोगी आहे. दुसऱ्या वर्गातील मनुष्याचे दर्शन घ्यावयाचे तर अमेरिकेतील मिझुरी किंवा इलिनॉय राज्यातल्या एखाद्या उपनगरात, सुटीच्या दुपारी, उघड्या गॅरेजपाशी जाऊन उभे राहावे, तेथे १९६७ सालच्या शेवरोले कॉर्व्हेटच्या उदराखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात आणि आतून, "पिवळा! पिवळाच आहे!" असा आर्किमिडीजच्या तोडीचा हर्षोद्गार ऐकू येतो.

हा पिवळा म्हणजे गाडीचा रंग नव्हे. तो सांगणारी पत्र्याची पट्टी कारखान्यानेच गाडीत ठोकून ठेवलेली असते. तीवर ९८३ असले की गुडवुड ग्रीन, ९७४ असले की रॅली रेड, एवढ्यावर तो तंटा मिटतो, आणि मिटणाऱ्या तंट्यात आमच्या गृहस्थास गोडी नसते. पिवळा आहे तो एका नटावरचा, करंगळीच्या नखाएवढा ठिपका. नट पुरता आवळला की त्यावर कुंचल्याचा एक फटकारा मारावयाचा, सारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगांतून हवी ती चटकन उचलता यावी म्हणून त्यांच्यावर रंगाचे पट्टे ओढावयाचे, जागा सापडेल तेथे मेणखडूने आकडा खरडावयाचा, अशी कारखान्यांतून वहिवाट होती. या खुणा गिऱ्हाइकाने पाहाव्यात अशी कोणाचीच इच्छा नव्हती, आणि गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांचा अंमल संपत असे.

संपत असे तो इतरांच्या मते. इतिहासाचार्य राजवाडे ज्या निष्ठेने जुनी दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडले, त्याच निष्ठेने हा मनुष्य परक्यांच्या गाड्यांखाली शिरतो, छायाचित्रे घेतो, टिपणे करतो आणि एकाच ठिपक्याविषयी परस्परविरुद्ध पुरावे मिळाले म्हणजे रात्र रात्र जागतो. पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर कारखान्याने डकविलेला, गाडीत काय काय बसवावयाचे याची यादी असणारा कागद त्याच्या लेखी ताम्रपटासमान असतो. टाकी उतरविल्याखेरीज तो हाती येत नाही, आणि आला तर बहुधा नेमका महत्त्वाचा तुकडा कुजून गेलेला असतो. मळाविषयीची त्याची मते चारचौघांच्या बरोबर उलट आहेत. ज्या गाडीतून तीस वर्षे तेल गळत राहिले आणि ज्या मालकाने ते कधी पुसले नाही, तो मालक त्याला पूर्वजांहून पूज्य वाटतो, कारण तेलकट किटणाच्या थराखाली खडूचे अक्षर आणि रंगाचा फटकारा सुरक्षित राहतात. उलट वाळूच्या फवाऱ्याने सांगाडा लख्ख करणारा टापटिपीचा माणूस म्हणजे त्याच्या दृष्टीने दप्तरखान्याला आग लावणारा आततायी.

हा सारा खटाटोप ज्यांच्या पुढे रुजू करावयाचा, ते पंच १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे. एकंदर गुण ४५००. पैकी ९४ टक्के मिळाले तर सर्वोच्च प्रतीचा मान. मौज अशी की, गाडी सुंदर असावी अशी या पंचांची अपेक्षाच नसते. ती विक्रेत्याच्या दुकानात नवी म्हणून उभी राहिली तेव्हा होती तशी असावी, आणि कारखान्याने केले त्याहून सफाईदार काम कोणी केले तर त्याचे गुण कापले जातात. म्हणजे सेंट लुईस येथील कॉर्व्हेटच्या कारखान्यातल्या एका कामगाराने घाईत, कंटाळत, जेवणाच्या सुटीकडे डोळा ठेवून रंगाचा जो ओघळ सोडला, तो ओघळ त्याच जाडीने आणि त्याच तिरकसपणे पुन्हा सोडण्यासाठी एक सुशिक्षित, कर्जबाजारी आणि विवाहित गृहस्थ पुठ्ठ्यांच्या तुकड्यांवर हिवाळाभर सराव करतो. निष्काळजीपणाची इतकी काळजी जगात अन्यत्र कोणी घेत असेल असे मला वाटत नाही.

त्याच्या आयुष्यातील परमोच्च क्षण म्हणजे त्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या वृद्ध कामगाराची भेट. चहापाणी होते, नातवंडांची चौकशी होते आणि मग अत्यंत अदबीने प्रश्न येतो की या नटावरचा ठिपका पिवळाच का असे. म्हातारा क्षणभर आठवतो व म्हणतो, "पिवळा डबा जवळ असे म्हणून. संपला की पांढरा घ्यायचो." एखाद्याचा शोध यावर थांबला असता; आमचे गृहस्थ वही उघडतात आणि विचारतात, "कोणत्या महिन्यात संपला?"

गाडी तयार झाली म्हणजे ती चालवीत असतील, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. इंजिनाला नारिंगी रंग फवारताना तो शेजारच्या एग्झॉस्टच्या बिडावरही उडत असे, आणि इंजिन तापले की तेवढा जळून जात असे. हा उडालेला रंग आमच्या गृहस्थाने मूळच्याइतकाच नेम चुकवून उडविलेला असल्यामुळे, इंजिन सुरू करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. पंचांसमोर ते सुरू करून दाखवावेच लागते. तेवढा वेळ तो डोळे मिटून घेतो. एरवी गाडी प्रवासाला निघते ती दुसऱ्या गाडीवर चढून.

आपल्याकडे नव्या गाडीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि चाकांखाली लिंबे चिरडतात. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक त्या स्वस्तिकाच्या रेघांची जाडी मोजीत बसेल, ही शक्यता मला आता हास्यास्पद वाटत नाही.

सेंट लुईसहून कॉर्व्हेटचे काम १९८१ साली केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे गेले, तेव्हा नवे साक्षीदार निर्माण होण्याची आशा नाही. म्हणून अमेरिकेत असणाऱ्या वाचकांस विनंती, की अशा गृहस्थाच्या गॅरेजात जाण्याचा योग आला आणि गाडीखाली कोठे मळकट डाग दिसला, तर केवळ सौजन्याने रुमाल काढू नये.